मर्लोच्या नावावर खपलेलं कार्मेनेर : चिलीच्या एका द्राक्ष वाणाची गोष्ट



खरड छाटण्या उरकल्यात, काडी वाढतेय, हाताला थोडी उसंत आहे. मागे खुंट-कलमावर लिहिलं होतं तेव्हा एका तरुण बागायतदारानं विचारलं होतं, "काका, वाईनच्या द्राक्षात एवढे वाण कशाला ठेवतात? रस शेवटी लालच ना?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर दोन ओळीत मावत नाही. म्हणून आज एका वाणाचा इतिहास सांगतो. वाणाचं नाव कार्मेनेर, देश चिली. हा वाण कित्येक पिढ्या दुसऱ्याच्या नावानं बागेत उभा होता. तोडला जायचा दुसऱ्याच्या वेळेला आणि बाटलीवर नावही दुसऱ्याचंच. चव मात्र ओरडून सांगत होती की काहीतरी गडबड आहे.

आधीच सांगतो, पिण्याचा प्रचार करायचा नाही. ज्याला घ्यायची नाही त्यानं घेऊ नये. आपण पिकवणारी माणसं आहोत. आपल्याला वेल, घड आणि तोडणीशी मतलब.

गोष्ट सुरू होते बोर्दोला

बोर्डो मिश्रण कोणाला माहीत नाही? मोरचूद आणि चुना. ते ज्या गावाच्या नावानं ओळखलं जातं ते फ्रान्समधलं बोर्दो. तिथल्या मेडॉक भागात चोर द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे. त्या वेलींवर केवडा येत नाही हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं हेरलं आणि १८८५ मध्ये ते जगापुढे मांडलं. आपण आजही फवारतो ते हेच.

कार्मेनेर हा याच मेडॉकचा जुना वाण. लाल किरमिजी रंगाला फ्रेंचमध्ये 'कार्मिन' म्हणतात, त्यावरून हे नाव. शरद ऋतूत याची पानं अशी लालभडक होतात की बांधावरून ओळखावीत. वाईन गडद आणि भरदार व्हायची. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं वाण नाठाळ. दोन खोडी मोठ्या. एक, फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला की मणी धरत नाहीत, घड विरळ सुटतात. दुसरी, पिकायला फार उशीर. मर्लोच्या मागे दोन-तीन आठवडे तरी. बोर्दोच्या ओल्या थंड हवेत एवढा उशीर म्हणजे पावसात सापडणं ठरलेलं.

तरीही लोकांनी तो ठेवला होता. मग १८५० च्या सुमारास भुरी आली. ती अमेरिकेतून आलेली. त्यातून गंधक मारून सावरतात न सावरतात तोच १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा आला, तोही अमेरिकेतूनच. हा मुळावरचा बारीक किडा. मुळीला गाठी करतो, मुळी कुजते आणि दोन-चार वर्षांत वेल वाळून जातो. फ्रान्सच्या बागाच्या बागा साफ झाल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर युरोपचं कलम करण्याचा. आपल्याकडे डॉगरिज आपण खारं पाणी आणि पाण्याची टंचाई सोसावी म्हणून लावतो. पण जगात खुंट-कलमाचा हा पसारा वाढला तो या किड्यामुळे.

आता विचार करा. सगळी बाग उपटून नव्यानं कलमं लावायची, कर्ज डोक्यावर. अशा वेळी शेतकरी कोणता वाण निवडेल? जो दरवर्षी हमखास घड देतो तो. बोर्दोच्या लोकांनी मर्लो आणि कॅबरने सोव्हिन्यो लावले. कार्मेनेरकडे कोणी पाहिलं नाही. पुढे तर तो फ्रान्समधून जवळजवळ नाहीसाच झाला. वाण वाईट म्हणून गेला नाही, त्याच्या खोडी पोसायला शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नव्हता.

काड्या आधीच समुद्रापार गेल्या होत्या

फिलॉक्सेरा यायच्या आधी, १८५१ च्या सुमारास, चिलीतला सिल्वेस्त्रे ओचागाविया नावाचा जमीनदार फ्रान्समधून चांगल्या द्राक्षांच्या काड्या घेऊन आला. तोपर्यंत चिलीत स्पॅनिश लोकांनी आणलेला 'पाइस' हा साधा वाण होता. ओचागावियाचं पाहून इतर श्रीमंत घराण्यांनीही फ्रेंच काड्या मागवल्या. त्यात मर्लो होता, कॅबरने होता आणि कार्मेनेरही होता.

चिलीचा नकाशा पाहिला तर सगळा उलगडा होतो. पूर्वेला अँडीज पर्वताची भिंत, पश्चिमेला प्रशांत महासागर, उत्तरेला अटाकामाचं कोरडं वाळवंट, दक्षिणेला बर्फ. या चौकटीत फिलॉक्सेरा आजवर शिरला नाही. सरकारनंही बाहेरून येणाऱ्या रोपांवर कडक पहारा ठेवला. त्यामुळे तिथे कितीतरी बागा अजून स्वमुळावर आहेत. सूत्रकृमीचा त्रास असेल तिथेच खुंट लावतात.

हवाही कार्मेनेरला मानवली. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, आणि हंगाम लांब. ज्या खोडींमुळे बोर्दोनं त्याला काढला, त्या खोडी इथे निम्म्या झाल्या. मणी बऱ्यापैकी धरायला लागले आणि उशिरापर्यंत वेलीवर ठेवायला पावसाची भीती उरली नाही.

पण एक घोटाळा झाला. मर्लो आणि कार्मेनेर हे भावकीतले. दोघांचाही एक पालक कॅबरने फ्रँक. पान, घड, मणी लांबून सारखेच. नवीन बाग लावताना जुन्या बागेतून काड्या आणायच्या ही तिथलीही रीत. एका बागेत दोन्ही वाण मिसळलेले, त्यातून काड्या काढल्या, पुढच्या बागेत तीच मिसळ गेली. असं दोन-तीन पिढ्या चाललं. शेवटी सगळ्यालाच मर्लो म्हणायला लागले. कार्मेनेर हे नावच गावकऱ्यांच्या तोंडातून गेलं.

चव आधी बोलली

१९९१ मध्ये अमेरिकेत एका टीव्ही कार्यक्रमात दाखवलं की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात तरी त्यांना हृदयविकार कमी, आणि त्याचं श्रेय लाल वाईनला दिलं. ते कितपत खरं यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. पण लाल वाईनची मागणी उसळली. मर्लो मऊ लागते, नवख्या माणसाला चालते, म्हणून तिचा उठाव जास्त. चिलीकडे स्वस्त मर्लो होती. कंटेनर भरभरून माल गेला.

पिणाऱ्यांना मात्र ही मर्लो वेगळी लागायची. रंग जास्त गडद. मिरपुडीसारखा झणका. आणि कितीतरी बाटल्यांत हिरव्या ढोबळी मिरचीचा वास, ताजी चिरल्यासारखा. काहींना तो आवडायचा, काही तोंड वाकडं करायचे. "चिलीची मर्लो अशीच असते" असं म्हणून विषय मिटायचा. दोष मातीला दिला, हवेला दिला. वाणावर शंका घेणारे मोजकेच.

हा वास येतो कुठून? पायराझिन नावाच्या एका गटातल्या द्रव्यातून. ढोबळी मिरचीच्या वासाचं मूळही तेच. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं, इतकं ते तिखट. कॅबरने घराण्यातल्या वाणांत ते असतंच, कार्मेनेरमध्ये जास्त असतं. मणी कच्चा असताना भरपूर, मग पाणी उतरल्यावर जसजसा मणी पिकतो तसतसं कमी होत जातं.

आता दोन्ही वाण एका ओळीत मिसळलेले आहेत असं समजा. चिलीत मर्लो साधारण मार्चमध्ये तयार होतो. कार्मेनेर एप्रिल अखेर, कधी मे. मर्लोची गोडी भरली की सगळी बाग एकदम तोडायची. म्हणजे कार्मेनेर कच्चाच टोपलीत आला आणि मिरचीचा वास टाकीत उतरला. बरं, थांबून तोडावं तर मर्लो वेलीवर सुरकुतून मनुका व्हायला लागतो. कुठल्याही दिवशी तोडा, निम्मा माल चुकीच्या वेळेला येणार. शेतकरी आळशी नव्हता, वाईन करणारा अडाणी नव्हता. नाव चुकलेलं होतं, त्यामुळे तारीख चुकत होती.

२४ नोव्हेंबर १९९४

त्या महिन्यात चिलीत द्राक्ष-वाईनवर एक परिषद भरली होती. फ्रान्समधल्या माँपेलिएचे जाँ-मिशेल बूर्सिको तिथे आले होते. यांचं काम म्हणजे पान, शेंडा, फूल पाहून वाण ओळखणं. मायपो खोऱ्यातल्या कार्मेन नावाच्या वाईनरीची बाग पाहायला मंडळी गेली. नोव्हेंबर म्हणजे चिलीचा वसंत, वेली फुलोऱ्यात. बूर्सिको मर्लोच्या म्हणून दाखवलेल्या वेलीजवळ थांबले, फूल हातात घेतलं. पुंकेसर पिळवटलेले दिसले. मर्लोचे असे नसतात. त्यांनी सांगितलं, हा मर्लो नाही, हा बोर्दोचा जुना कार्मेनेर आहे.

फरक बाकीही होते. मर्लोच्या कोवळ्या पानाची खालची बाजू पांढरट, कार्मेनेरची तांबूस. मर्लोच्या पानाचा मधला भाग जरा लांब. एकदा कोणी दाखवलं की दिसतं, नाही दाखवलं तर आयुष्यभर दिसत नाही. पुढे जनुकीय तपासणीतही तेच निघालं.

माझ्या मते गोष्टीतला खरा कसोटीचा क्षण इथून पुढे आहे. मर्लो हे चालतं नाणं होतं. कार्मेनेर हे नाव गिऱ्हाईकानं कधी ऐकलेलं नाही. गप्प बसून मर्लो म्हणून विकत राहिलं असतं तरी काही वर्षं धकलं असतं. दुसरा मार्ग म्हणजे बाग उपटून खरा मर्लो लावायचा. तिसरा मार्ग कष्टाचा. वेल न वेल तपासायचा, खूण करायची, दोन वाण वेगळे तोडायचे, वेगळ्या टाकीत घालायचे आणि गिऱ्हाईकाला नवं नाव शिकवायचं.

हळूहळू चिलीनं तिसरा मार्ग धरला. कार्मेन वाईनरीनं सुरुवातीची बाटली 'ग्राँद विदूर' या त्याच वाणाच्या जुन्या दुसऱ्या नावानं काढली, कारण कार्मेनेर हे नाव तेव्हा सरकारदरबारी नोंदलेलंच नव्हतं. १९९८ मध्ये चिलीच्या कृषी खात्यानं वाणाला अधिकृत मान्यता दिली. आज तिथे सुमारे १० हजार हेक्टर कार्मेनेर आहे, जगात सर्वात जास्त. काचापोआल खोऱ्यातलं पेउमो आणि कोल्चाग्वा खोरं यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. २४ नोव्हेंबर हा दिवस ते कार्मेनेरचा दिवस म्हणून पाळतात.

मग चव सुधारली कशी?

कृषी सहाय्यक आणि सल्लागार मंडळींनी हा भाग जरूर वाचावा. नुसती तोडणी पुढे ढकलून भागलं नाही. उशीर केला की मिरचीचा वास जातो, पण साखर वाढत राहते. साखर वाढली की वाईनमध्ये अल्कोहोल चढतं, आंबटपणा उतरतो, वाईन जड लागते. म्हणजे ब्रिक्स मीटर "तयार" म्हणतं तेव्हा वास कच्चा असू शकतो, आणि वास पिकतो तेव्हा ब्रिक्स हाताबाहेर गेलेलं असतं.

उपाय बागेतच होते. मणी हिरवे असतानाच, पाणी उतरायच्या आधी, घडाजवळची पानं काढायची. घडाला ऊन-वारा लागला की ते द्रव्य मुळात कमी तयार होतं. पण उन्हानं चट्टे पडतील इतकं उघडं करायचं नाही, सकाळच्या उन्हाची बाजू मोकळी करायची. पाणी आणि नत्र हात राखून द्यायचं. वेल नुसता शेंड्यानं पळत असेल, कॅनॉपी दाट असेल तर वास हमखास जास्त राहतो. हे सगळं आपण खाण्याच्या द्राक्षाला रंग आणि साखर येण्यासाठी करतोच. तिथे ते वासासाठी केलं.

पेल्यात काय ओळखायचं

चिलीत आणि युरोपात कार्मेनेर ही रोजच्या जेवणाबरोबरची, परवडणारी वाईन समजतात. आपल्याकडे पोचेपर्यंत आयात कर लागून ती महाग पडते. आमच्या भागात वाईनरीत काम करणारा एक मित्र आहे. त्याच्याकडे आम्ही चार द्राक्षवाल्यांनी तीन कार्मेनेर शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. बाटल्या झाकलेल्या, पेल्याखाली फक्त आकड्याच्या चिठ्ठ्या. प्रत्येकी दोन घोट, तोंडात फिरवून थुंकायचं.

पहिल्या पेल्याला नाक लावताच शेजारचा बागायतदार म्हणाला, "ही कच्ची तोडलीय." ढोबळी मिरची स्पष्ट होती. चव पातळ, मागे जराशी कडवट. दुसरीत मिरचीचा वास होता, पण मागे. पुढे जांभळासारखं गडद फळ आणि काळी मिरी. तिसरीत मिरची जवळजवळ नाही, कॉफी-कोकोसारखा भाजका वास, तोंडात गुळगुळीत, पण जड. चिठ्ठ्या उघडल्यावर कळलं, तिसरी सगळ्यात महाग. चौघांना विचारलं कुठली पुन्हा घ्याल, तर तिघांनी दुसरीवर बोट ठेवलं. ती मधल्या किमतीची होती.

तुम्हाला कधी संधी मिळाली तर अशी बघा. एकाच वाणाच्या, शक्यतो एकाच वर्षाच्या दोन-तीन बाटल्या, वेगवेगळ्या किमतीच्या. आपल्या उन्हाळ्यात लाल वाईन खोलीच्या तापमानाला ठेवली तर नुसता अल्कोहोलचा भपका येतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा. आधी वास, मग घोट. विचारायचे प्रश्न तीन. हिरवा वास किती? तुरटपणा मऊ आहे की जीभ ओढतो? गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ राहते? कार्मेनेरचा तुरटपणा कॅबरने सोव्हिन्योपेक्षा मऊ असतो, हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. बाटलीवर एकाच वाणाचं नाव असलं म्हणजे आत शंभर टक्के तोच असतो असं नाही. चिलीच्या कायद्यात ७५ टक्के असला तरी नाव लावता येतं, युरोपात विकायचं तर ८५ टक्के लागतो. उरलेल्या जागेत दुसरा वाण बसू शकतो. कायद्यानं ती मुभा आहे, पण चाखणाऱ्याला ठाऊक असावी.

चिली एकटा नाही

चीनमध्ये यानताई गावच्या चांगयू कंपनीनं १८९२ च्या सुमारास युरोपातून काड्या नेल्या. त्यातला 'कॅबरने गेर्निश्ट' म्हणून वाढवलेला वाण तपासणीत कार्मेनेरच निघाला. इटलीच्या उत्तर भागात कॅबरने फ्रँक म्हणून लावलेल्या कितीतरी वेली कार्मेनेर होत्या. ऑस्ट्रेलियात तर २००९ मध्ये कळलं की 'अल्बारिन्यो' म्हणून लावलेला पांढरा वाण प्रत्यक्षात 'साव्हान्यँ' आहे. तिथेही पहिली शंका घेणारे हेच बूर्सिको. त्या शेतकऱ्यांनी विश्वासानं काड्या घेतल्या होत्या, लेबलं छापली होती, गिऱ्हाईक जोडलं होतं. काडीच्या गठ्ठ्यावरची एक चिठ्ठी चुकली की किती वर्षं आणि किती पैसा जातो ते पाहा.

आपल्या बांधावर

आपल्याकडे नजर नाही असं नाही. तासगाव भागातल्या बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी थॉमसनच्या बागेत वेगळी काडी हेरली, त्यातून तास-ए-गणेश आला. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी लांब मण्याची काडी वेगळी केली, त्यातून सोनाका आला. दोघांनी वेगळेपण पाहिलं आणि वेगळं जपलं, म्हणून वाण झाले. तीच काडी डोळेझाक करून सगळ्यात मिसळली असती तर आज नावही नसतं.

उलटंही घडतं. आमच्या शिवारात एका बागायतदाराच्या नव्या प्लॉटमध्ये सरमिसळ निघाली. काड्या विकत आणलेल्या. तिसऱ्या वर्षी घड लागल्यावर कळलं की दर आठ-दहा वेलींत एक वेल मागे राहतोय, रंग वेगळा धरतोय. व्यापाऱ्यानं मालात एकसारखेपणा नाही म्हणून दर पाडला. पावतीवर वाणाचं नाव लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

म्हणून मी माझ्या बागेत जे करतो ते सांगतो. काडी घेताना पावतीवर वाणाचं आणि खुंटाचं नाव लिहून घेतो. डोळा भरण्यासाठी काड्या काढायच्या तर ज्या वेलीचे घड डोळ्यांनी पाहिलेत त्याच वेलीच्या काढतो, त्या वेलीला फळ असतानाच रंगाची खूण करतो. नवीन प्लॉटचा ओळीवार नकाशा वहीत ठेवतो. वर्षातून तीनदा फक्त बघायला फिरतो, हातात कात्री न घेता. एकदा कोवळी फूट असताना पानाची खालची बाजू बघायला, एकदा फुलोऱ्यात, एकदा पाणी उतरताना. वेगळा दिसला तो वेल रिबीन बांधून ठेवतो. तो माल वेगळा तोडतो. शंका जास्तच असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या जाणकारांना पान, शेंडा आणि घड दाखवावा.

ऑक्टोबर छाटणीनंतर फूट निघेल तेव्हा तुमच्या बागेतून एकदा असा फेरा मारा. वेगळं पान दिसलं तर वरची-खालची दोन्ही बाजू दिसतील असा फोटो काढून इथे टाका, सोबत कोणता वाण म्हणून लावलाय तेही लिहा. आपण मिळून बघू.

जय जवान, जय किसान.